बोर्दो उघडली त्या रविवारी

त्यांचं खरं आडनाव आता पोस्टमनला तेवढं ठाऊक असेल. नातेवाइकांत, मित्रांत, ऑफिसात सगळे त्यांना चाखणीसच म्हणायचे. चहाच्या एका मोठ्या कंपनीत त्यांची अख्खी नोकरी चहा चाखण्यात गेली. लांबलचक टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीतला एक चमचा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, शेजारच्या भांड्यात थुंकायचा आणि निकाल द्यायचा. हा उशिरा खुडलाय. हा ओलसर पोत्यात राहिलाय. याच्या पेटीशेजारी कुणीतरी साबण ठेवला होता. चौकशी केली की साबण खरोखर निघायचा. चिटणीस असतात, फडणीस असतात, तसे आमचे दादा चाखणीस, असं त्यांचा धाकटा भाऊ एकदा जेवताना म्हणाला आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

चाखणीसबाई कान-नाक-घशाच्या दवाखान्यात कामाला होत्या. माणसाला काचेच्या खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बारीक बारीक आवाज सोडत ऐकू किती येतं ते मोजायचं. नाक आणि कान एका घरात नांदत असल्यामुळे लेक लहानपणापासून स्वतःला घसा म्हणवून घ्यायची. पुढे ती वकील झाली, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

या घरात चौथं कुणी असेल तर ती बाटली. लेकीच्या जन्मसालाची, बोर्दोची लाल वाईन. चहाच्या एका परदेशी व्यापाऱ्यानं चाखणीसांच्या नाकावर खूश होऊन दिलेली. देताना तो म्हणाला होता, हिला घाई करू नका, हिची वेळ आली की हीच सांगेल. चाखणीसांनी ते अगदी मनावर घेतलं. घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे कोठीची खोली. तिथं खालच्या फळीवर ती आडवी निजवली, वर जुनं कांबळं घातलं आणि शेजारी थर्मामीटर टांगला. उन्हाळ्यात माणसं घामाघूम झाली तरी चालेल, पण कोठीच्या खिडकीला ओलं गोणपाट लागलंच पाहिजे.

ती उघडायची कधी, हा घरातला कायमचा वाद. लेक पदवीधर झाली तेव्हा भाऊजी म्हणजे धाकटे दीर ग्लास घेऊनच आले होते. चाखणीस म्हणाले, "अजून कोवळी आहे ती. आत्ता उघडली तर लाकूड चावल्यासारखं लागेल." लेकीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, एवढ्या वऱ्हाडात कुणाच्या ओठाला लागणार? ते लग्न मोडलं तेव्हा लेकच म्हणाली, "बाबा, आता उघडा, खरा आनंदाचा दिवस आहे." त्यावर ते रुसले. निवृत्तीच्या दिवशी नक्की, असं ठरलं होतं, पण त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती आणि सर्दी असताना ती उघडणं म्हणजे पाप.

"तुम्ही वाईन पिकायची वाट बघताय की माणसं पिकायची?" बाई एकदा वैतागून म्हणाल्या.

"लवकर उघडली तर वाया. उशीर झाला तर व्हिनेगर," ते म्हणाले. "मधे एक वेळ असते. ती नाकाला कळते."

निवृत्तीनंतर मात्र चाखणीस बदलले. सुरुवातीला बाईंना वाटलं, रिकामपण खायला उठलंय. मग कुरकुर सुरू झाली. हल्लीच्या टोमॅटोला चव नाही. कॉफीत भेसळ करतात. पाव म्हणजे कापूस. मग ती कुरकुर बाजारातून घरात शिरली आणि ताटात येऊन बसली. सूप पाणचट. रस्सा म्हणजे रंगीत पाणी. बाईंनी मसाल्याचे डबे घासून नवे भरले, वाणी बदलला, लसूण दुप्पट केला. लेक म्हणायची, "आई, किती तिखट केलंस!" आणि चाखणीस त्याच ताटावर मीठ भुरभुरत म्हणायचे, "काही लागत नाही."

एकदा भाऊजींच्या घरी, दहा माणसांच्या पंगतीत, बाई हौसेनं भाजलेली कोंबडी घेऊन गेल्या. चाखणीसांनी एक घास खाल्ला, ताट सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिच्या हातची चव गेली. माणसानं कुठं थांबावं ते कळायला हवं."

कुणी हसलं नाही. बाई पाणी आणायच्या निमित्तानं उठल्या आणि दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या राहिल्या. त्यानंतर त्यांनी कुणाला जेवायला बोलावणंच सोडलं. कढईसमोर उभं राहिलं की मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही. आपलंच काहीतरी संपत आलंय, अशी त्यांची खात्री झाली होती.

बाटलीचा निकाल शेवटी बाटलीनंच लावला. बाई कोठीतून बटाटे काढत होत्या तेव्हा बोटांना काहीतरी चिकट लागलं. कांबळं उचललं तर बाटलीच्या गळ्याशी बूच पाझरून गडद थेंब सुकला होता, आणि कोपऱ्यात एक गोडसर, जुनाट वास कोंडला होता. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. ते गुडघ्यांवर बसले, बोटानं थेंब पुसला, नाकाशी नेला.

"वास कसला येतोय हो?" बाईंनी विचारलं.

"वास कुठला? बूच ढिलं झालंय." त्यांनी कांबळं घडी करून बाजूला ठेवलं. "आता थांबता येणार नाही. या रविवारी उघडू. सगळ्यांना बोलाव."

तेव्हा बाईंना त्यांच्या उत्तराचं काही वाटलं नाही. त्यांच्या मनात वेगळीच धास्ती होती. सगळ्यांना बोलावणं म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोर स्वयंपाक.

रविवार उजाडला. गाळ तळाला बसावा म्हणून चाखणीसांनी बाटली आधीच उभी करून ठेवली होती. बाईंनी धोका पत्करला नाही, बाहेरून पाव आणि चीज आणलं, फक्त सूप घरी केलं. दुपारी भाऊजी आले, लेक आली. चाखणीसांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ऑफिसात नव्या हंगामाचा चहा यायचा त्या दिवशी घालायचे तसा. बूच मऊ झालं होतं, अर्ध्यात तुटलं. त्यांनी उरलेलं बूच पायातला काटा काढावा तसं हळुवार काढलं. मेणबत्तीच्या उजेडात गाळ बघत वाईन काचेच्या चंबूत ओतली. रंग विटकरी झाला होता, कडेला केशरी. मग आपल्या ग्लासात दोन बोटं घेतली, ग्लास फिरवला, डोळे मिटले आणि नाक आत घातलं.

भाऊजींनी लेकीला कोपरानं ढोसलं. असा सोहळा त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, आज बघत होते.

चाखणीसांनी नाक काढलं. पुन्हा घातलं. ग्लास जोरात फिरवला, पुन्हा घातलं. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेली?"

"मेली ही. आंबट पाणी आणि तुरट लाकूड. दुसरं काही नाही. केव्हाच मेली होती आणि मी कांबळं पांघरून बसलो होतो."

ते उठले, चंबू उचलला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. बाई मागोमाग धावल्या. त्या दारात पोचल्या तेव्हा चाखणीस तो चंबू मोरीच्या भांड्यात ओतत होते. लाल धार पांढऱ्या भांड्यावर आपटत होती आणि त्या धारेतून वास उठला. बाई जागच्या जागी थिजल्या.

वास दारापर्यंत भरून आला. वाळवलेल्या काळ्या मनुकांचा. पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा. जुन्या चामडी पाकिटाचा, पाऊस पडून गेलेल्या बागेच्या मातीचा, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी फुलासारखं. लग्न झालं तेव्हा चाखणीस त्यांना डोळे मिटायला लावून डबीतले वास ओळखायला लावायचे. वासांना नावं द्यायला त्यांनीच तर शिकवलं होतं.

"दादा, थांब!" मागून भाऊजी ओरडले. "अरे काय करतोस! काय सुंदर वास येतोय!"

बाईंनी झेप घालून नवऱ्याचं मनगट धरलं. चंबूत निम्मीच उरली होती.

"माझी समजूत काढू नका," चाखणीस म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "मला कळतं. हा माझा धंदा आहे."

"बाबा, मला इथं दारात येतोय वास," लेक म्हणाली. बोलता बोलताच तिनं बाबांकडं बघितलं. तिच्या लक्षात आलं होतं. भाऊजींच्याही आलं. सगळे बाईंकडं बघायला लागले.

बाईंना काचेची खोली आठवली. रोज कुणीतरी बायकोबरोबर यायचं आणि फुरंगटून सांगायचं, मला चांगलं ऐकू येतं, हल्ली लोकच पुटपुटतात. सून पुटपुटते, टीव्हीवाले पुटपुटतात. बाई हसून मान डोलवायच्या आणि हेडफोन लावायच्या. पुटपुटणारं जग हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं लक्षण होतं. आणि टोमॅटोला चव नसलेल्या, कॉफीत भेसळ असलेल्या जगात त्या इतके दिवस स्वतः राहत होत्या.

"इथं बसा," त्या म्हणाल्या. आवाज दवाखान्यातला होता. "डोळे मिटा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"मिटा म्हणते ना."

ते बसले. लेकीनं त्यांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. बाईंनी व्हिनेगरची बाटली उघडून नाकाखाली धरली. "व्हिनेगर!" ते झटक्यात म्हणाले. "नाकात झोंबलं. बघ, येतो वास." भाऊजींनी सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी नाही सोडला, झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. त्यांनी लसणाची पाकळी ठेचून धरली. ते थबकले. "आलं?" मग कॉफीचा डबा, ताजा फोडलेला. "हे काही नाहीये. रिकामं आहे, फसवतेस." मग बाईंनी एक धुतलेला, कोरडा, रिकामा कप उचलला आणि त्यांच्या नाकाखाली नेला.

चाखणीसांनी खोल श्वास घेतला. चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

"ही घे तुझी कॉफी," ते म्हणाले.

लेकीनं तोंडावर हात दाबला. काचेच्या खोलीत माणसं अशीच निव्वळ शांततेत बटण दाबतात. त्यांना खरंच वाटतं, आपण ऐकलं. बाईंनी कप टेबलावर ठेवला तो इतका वाजला की चाखणीसांनी स्वतःच नॅपकिन ओढून काढला. त्यांनी कपात बघितलं. तळ दिसत होता, पांढरा. त्यांनी कॉफीचा डबा ओढून घेतला, नाक पार आत खुपसलं, नाकाच्या शेंड्याला पूड लागली. मग डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले. परीक्षेचा निकाल लागल्यावर मुलं बसतात तसे.

बाईंच्या मनात त्या क्षणी जे आलं, त्याची त्यांना पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. त्यांना आनंद झाला. गरम, निर्लज्ज आनंद. माझ्या हातची चव गेली नव्हती! ते सूप पाणचट नव्हतं, ती कोंबडी चांगली झाली होती, त्या नळापाशी मी उगाच रडले. हे सगळं क्षणभर उसळलं आणि पाठोपाठ आठवला तो दिवस. त्या दवाखान्यातून आल्या तेव्हा घरभर गॅस कोंडला होता आणि चाखणीस शेगडीपासून हाताच्या अंतरावर पेपर वाचत होते. तेव्हा त्यांनी नवऱ्याला बेफिकीर म्हटलं होतं, चार दिवस अबोला धरला होता. आता त्यांनी वळून शेगडीची बटणं बंद आहेत ना ते पाहिलं.

चाखणीसच पहिल्यांदा बोलले. "ती उघडलेली आहे," ते चंबूकडं बोट दाखवून म्हणाले. "इतकी जुनी वाईन हवेत टिकत नाही. तासाभरात उतरेल. प्या."

"दादा, आत्ता कुणाला प्यायचं सुचतंय?"

"मला सुचतंय. ओता. आणि मला सांगा."

मग त्या स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या जागेशेजारी उभं राहून तिघं वाईन प्यायले. भाऊजी म्हणाले, छान आहे. चाखणीस खेकसले, "छान म्हणजे काय? गाढवा, नीट सांग." भाऊजींनी डोळे पुसत सांगितलं, मनुका. लेक म्हणाली, कपाटातला जुना कोट. बाईंनी पेन्सिल सांगितली, पाकीट सांगितलं, माती सांगितली आणि मग शोधून शोधून म्हणाल्या, "सुकलेल्या गुलाबासारखं काहीतरी. शेवटी येतं. गिळल्यावर."

"गिळल्यावर किती वेळ राहतं?"

"अजून आहे."

चाखणीसांनी डोळे मिटले. "म्हणजे वेळ बरोबर होती," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्यांना स्वतःच्याच दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर रोजचे सहकारी, चेष्टामस्करीचे. त्यांनी नाकात दुर्बीण घातली, आत सगळं साफ होतं. ना सूज, ना मांसाचा कोंब. बाईंना बरं वाटलं, पण डॉक्टरांनी चेष्टा केली नाही. त्यांनी डोक्याचा स्कॅन लिहून दिला आणि म्हणाले, "आजच करून घ्या बाई."

स्कॅनच्या काळ्या चित्रात, दोन डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या वर, मेंदूच्या पुढच्या भागाखाली एक पांढरा गोळा बसला होता. मोठ्या लिंबाएवढा. इतका गुळगुळीत आणि ठसठशीत, की बाईंना वाटलं, हे मशीनचं काहीतरी चुकलंय. डॉक्टर समजावून सांगत होते. मेंदूच्या आवरणातून उठलेली गाठ आहे. अतिशय सावकाश वाढणारी, कर्करोगाची वाटत नाही. वर्षानुवर्षं वाढत असणार. वासाच्या नसा तिच्याखाली चिरडल्यात. वेळेवर आलात, अजून उशीर झाला असता तर नजर गेली असती.

"वास परत येईल?" चाखणीसांनी विचारलं.

"ती आशा धरू नका."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले. बाई उठता उठता थांबल्या, कारण डॉक्टर अजून बोलत होते. "ही जागा स्वभावाचीही असते, बाई. चिडचिड, माणसांत रस न वाटणं, तोडून बोलणं, असं काही जाणवलं का अलीकडं?"

बाई खुर्चीत परत बसल्या.

"म्हणजे ते बोलायचे ते... ते बोलायचे की ही?" त्यांनी त्या पांढऱ्या गोळ्याकडं बोट केलं.

"त्याची वाटणी नाही करता येत," डॉक्टर म्हणाले.

शस्त्रक्रियेला अख्खा दिवस लागला. लेक सगळ्या डॉक्टरांशी भांडून झाल्यावर आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. भाऊजी जिन्यावरून खालीवर करत राहिले. बाई भिंतीकडं बघत बसल्या. त्यांना भीती वाटत होती ती फक्त मरणाची नव्हती. गाठीबरोबर आणखी काय काय निघून जाईल, आणि गाठ काढल्यावरही काय शिल्लक राहील, याची होती. शुद्धीवर आल्यावर तो माणूस पुन्हा तसंच काही बोलला तर? मग दोष कुणाला द्यायचा?

गाठ निघाली. चाखणीस वाचले. डोक्याला पांढरं मुंडासं, डोळ्यांखाली काळंनिळं, अशा अवतारात चौथ्या दिवशी ते उशीला टेकून बसले. हॉस्पिटलचं सूप आलं. बाईंनी चमचा पुढं केला आणि नकळत अंग चोरलं.

"गरम आहे," चाखणीस म्हणाले. "मीठ आहे." आणि मग बायकोकडं बघून म्हणाले, "तू अशी मारकी म्हैस समोर असल्यासारखी का बसलीस?"

बाईंनी चमचा वाटीत ठेवला. आता आजारी माणसाला काय सांगायचं, असं त्यांनी मनात म्हटलं, पण तोंडातून भलतंच निघालं. "भाऊजींकडं दहा माणसांत म्हणालात, हिच्या हातची चव गेली. आठवतं?"

चाखणीसांनी आठवून बघितलं. खरोखर मनापासून बघितलं, ते मुंडाशाखालच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळत होतं. "नाही," ते म्हणाले. "मी? सगळ्यांसमोर?"

बाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिल्या. जी गोष्ट त्या उशाशी घेऊन झोपल्या, जिच्यामुळं त्यांनी दार बंद करून घेतलं, ती या माणसाच्या डोक्यात कुठंच नव्हती. कापून काढलेल्या गोळ्यात होती की कधी नव्हतीच, कोण सांगणार. चिडायला समोर माणूसच नाही, असं त्यांना वाटलं. जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं.

"आणखी काय काय बोललो?" चाखणीसांनी विचारलं.

"जाऊ द्या आता."

"नको जाऊ देऊस. मला आठवत नाही म्हणून तू गिळून टाकणार का? सांग. सगळं सांग. आणि मी बोललो तसंच मलाही बोल."

"डोक्याला टाके आहेत तुमच्या."

"कानाला नाहीत."

बाईंनी खुर्ची पुढं ओढली. आधी सूप सांगितलं, मग रस्सा, मग कोंबडी. माणसानं कुठं थांबावं, हे वाक्य त्यांनी त्याच आवाजात म्हणून दाखवलं. मग नळ सांगितला. मग गॅस, आणि त्यावर आपण धरलेला अबोला, तोही सांगितला, कारण तो आपल्या बाजूचा होता. चाखणीस ऐकत होते. मधे एकदा त्यांनी बायकोचा हात शोधला, बाईंनी तो सोडवून घेतला आणि बोलणं चालू ठेवलं, कारण हातवारे करायला दोन्ही हात लागत होते. आवाज चढत गेला, इतका की पडदा सरकवून नर्स आत डोकावली.

"जरा हळू बोला, बाई. पलीकडचे पेशंट झोपलेत."

"हो, हो," बाई म्हणाल्या, आवाज खाली आणला आणि उरलेलं पुढं सांगायला लागल्या.